राजधानी गेली आणि गाव उरलं: नाफ्प्लिओतले दिवस

शुक्रवार

ग्रीसची पहिली राजधानी अथेन्स नव्हती, हे दादा मला तिसऱ्यांदा सांगत होता तेव्हा बस कोरिंथच्या कालव्यावरून जात होती. १८९३ मध्ये खुला झालेला हा सहा किलोमीटरचा कालवा खडक उभा कापून काढलाय. तळाशी निळ्या पाण्याची बारीक पट्टी दिसते म्हणतात, पण मी खिडकीकडे वाकेपर्यंत पूल संपला. दादा इतिहासाचा शिक्षक म्हणून निवृत्त झालाय आणि त्याच्या सगळ्या सुट्ट्या सह्याद्रीतल्या गडांवर गेल्या. ग्रीसला जायचं ठरलं तसं त्याने बेटं बाजूला सारली आणि पेलोपोनीज या दक्षिणेकडच्या द्वीपकल्पाच्या पूर्व किनाऱ्यावरच्या त्या जुन्या राजधानीसाठी, नाफ्प्लिओसाठी, हट्ट धरला. एका गावात तीन किल्ले, त्यातला एक जलदुर्ग! मला समुद्र आणि कॉफी मिळणार होती, मीही हो म्हटलं.

अथेन्सपासून साधारण १४० किलोमीटर. आर्गोस मागे पडलं की रस्त्याच्या दोन्ही बाजूंना संत्र्याच्या बागा लागतात. नोव्हेंबर नुकताच लागला होता, फळं अर्धी हिरवी, अर्धी पिवळी. मग अचानक समोर एक उघडाबोडका डोंगर आणि त्याच्या डोक्यावर तटबंदी. दादाने बोलणं थांबवलं, म्हणजे तोच पालामिदी.

सामान टाकून थेट सिंताग्मा चौकात गेलो. गुळगुळीत दगडी फरशी, कडेने कॉफीची दुकानं, मधे फुटबॉल खेळणारी पोरं. या चौकाची नावं ऐकली तरी गावाचा गेल्या दोनशे वर्षांचा इतिहास कळतो. आधी तो चिनाराच्या झाडाचा चौक होता. जर्मनीतल्या बव्हेरियाचा राजपुत्र ग्रीसच्या गादीवर आला तेव्हा त्याच्या बापाच्या नावाने लुडविग चौक झाला. १८४३ मध्ये अथेन्सला उठाव करून लोकांनी राजाकडून राज्यघटना कबूल करून घेतली, त्यानंतर तो राज्यघटनेचा चौक झाला, तेच आजचं नाव.

चौकाच्या पश्चिमेची भिंत म्हणजे व्हेनिसवाल्यांनी १७१३ मध्ये बांधलेलं आरमाराचं कोठार. जाड भिंती, खाली कमानी, वर लहान खिडक्या. आता तिथे पुराणवस्तू संग्रहालय आहे. पलीकडच्या टोकाला एक जुनी मशीद आहे. स्वातंत्र्यानंतर तिथे शाळा भरली, नंतर चित्रपटगृह चाललं. आणि कोठाराच्या मागच्या अंगाला दुसरी, मोठी मशीद. घडीव दगडाची, रुंद घुमटाची. १८२५ च्या शरद ऋतूपासून पुढच्या वसंतापर्यंत बंडखोर ग्रीकांची संसद इथे बसायची. तुर्कांच्या मशिदीत तुर्कांविरुद्धची संसद. मला त्यात काहीतरी मोठा प्रतीकात्मक अर्थ दिसायला लागला होता, तेवढ्यात दादा म्हणाला, "अगं, पैसा नव्हता, वेळ नव्हता आणि छप्पर शाबूत होतं. आणखी काय पाहिजे?"

शनिवार

पालामिदीला गाडीने मागच्या बाजूने जाता येतं. आम्ही अर्थातच पायऱ्यांनी गेलो. गावातले लोक ९९९ पायऱ्या सांगतात. हजारावी होती, ती कोलोकोत्रोनिस या सेनापतीच्या घोड्याने टापेखाली फोडली, असंही सांगतात. मोजणाऱ्यांचा आकडा बराच कमी येतो, पण दगडी चढावर धापा टाकताना ९९९ च खरा वाटतो. किल्ला समुद्रसपाटीपासून २१६ मीटर उंच आहे आणि चढ समुद्राच्या अंगाने असल्यामुळे प्रत्येक वळणावर खाली लाल कौलांचं गाव आणखी लहान होत जातं.

आता थोडा दादाचा तास. व्हेनिसने हे गाव दोनदा मिळवलं आणि दोनदा गमावलं. पहिल्यांदा त्यांनी ते चक्क विकत घेतलं. १३८८ मध्ये इथली वारसदार मारी दाँगियाँ ही तरुण विधवा होती. एकटीने राज्य राखणं अवघड, म्हणून तिने आर्गोस आणि नाफ्प्लिओ वर्षासनाच्या बोलीवर व्हेनिसला देऊन टाकलं. वर्षाला ७०० सोन्याची नाणी! दीडशे वर्षं त्यांनी गाव राखलं आणि १५४० च्या तहात तुर्कांना दिलं. १६८६ मध्ये व्हेनिसचा सेनापती फ्रान्चेस्को मोरोसिनी आला. त्याने तोफा याच डोंगरावर चढवल्या आणि इथून गाव भाजून काढून जिंकलं. पुढच्याच वर्षी त्याच्या तोफांनी अथेन्सचं पार्थेनॉन उडवलं, तोच हा मोरोसिनी. तो मेलाही नाफ्प्लिओतच, १६९४ मध्ये.

ज्या डोंगरावरून आपण गाव घेतलं, त्याच डोंगरावरून ते उद्या दुसरा कुणी घेईल, हे समजायला व्हेनिसवाल्यांना वीसेक वर्षं लागली. मग मात्र १७११ ते १७१४ या तीन वर्षांत त्यांनी सगळा पालामिदी उभा केला. आपल्याकडे बाळाजी विश्वनाथ पेशवे झाले तो हा काळ. दादाला इथल्या रचनेचं फार कौतुक. एक सलग तट आणि आत बालेकिल्ला असा हा किल्ला नाही. आठ बुरूज, आणि प्रत्येक बुरूज म्हणजे स्वतंत्र गढी: स्वतःची भिंत, स्वतःचं पाणी, स्वतःच्या तोफा. एक पडला तरी बाकीचे लढत राहावेत, आणि पडलेल्यावर मारा करता यावा. दरवाजांवर व्हेनिसचा पंखवाला सिंह अजून शाबूत आहे. पावसाचं पाणी साठवायची टाकी बघून दादा गुडघ्यांवर बसला आणि उतार कुठून कुठे दिलाय ते मला समजावत राहिला. मागून आलेल्या जर्मन जोडप्यानेही थांबून ऐकून घेतलं, मराठीत.

इतकं करून १७१५ च्या जुलैत तुर्क आले आणि आठवड्याभरात किल्ला पडला. बांधकाम बिनचूक होतं, पण ते लढवायला पुरेशी माणसंच व्हेनिसने ठेवली नव्हती. आराखडा काढणाऱ्या ला साल या फ्रेंच अभियंत्यानेच नकाशे विकले, अशी कथा गावात आहे. किल्ला पडला की फितुरीची कथा हवीच, ती आपल्यालाही पाठ आहे.

पुढे सव्वाशे वर्षंही झाली नाहीत तोच उलटं चित्र. १८२१ मध्ये ग्रीकांचं बंड सुरू झालं. वेढा वर्षाहून अधिक चालला, खाली गावात उपासमार. ३० नोव्हेंबर १८२२ च्या पहाटेआधी, संत आंद्रेयाच्या सणाच्या रात्री, स्ताइकोस स्ताइकोपुलोस या ग्रीक सरदाराची माणसं शिड्या घेऊन आली. घाईत बांधलेला आणि भिंत सगळ्यात ठेंगणी असलेला बुरूज त्यांनी निवडला. आज त्याचं नाव आहे अकिलीस, पण हे बारसं नंतरचं. स्वातंत्र्यानंतर बुरुजांना अशीच प्राचीन ग्रीक वीरांची नावं दिली: लिओनिदास, मिल्तियादिस, थेमिस्तोक्लिस. मधेच एक रॉबर्ट आहे. ग्रीकांच्या बाजूने लढताना मेलेल्या फ्रेंच माणसाच्या नावाने. पालामिदी पडल्यावर गावातल्या तुर्कांनीही शस्त्रं ठेवली, आणि त्यांना जहाजांतून आशिया मायनरला नेऊन सोडलं. त्या बंडात इतरत्र गावं पडल्यावर ज्या कत्तली झाल्या, त्या पाहता हे नमूद करायला हवं.

मिल्तियादिस बुरुजात एक कोठडी दाखवतात. इतकं खुजं दार की ओणवं होऊन आत जावं लागतं. आत अंधार, ओल. सेनापती कोलोकोत्रोनिसला इथे ठेवलं होतं असं सांगतात. ठेवणारे तुर्क नव्हते. तो किस्सा उद्याचा.

दुपारी धक्क्यावरून लहान होडीने बुर्ट्झीला गेलो. खाडीतल्या खडकावरचा हा जलदुर्ग व्हेनिसने १४७३ मध्ये बांधला. दादाची थोडी निराशा झाली. मुरुड-जंजिऱ्याच्या एका कोपऱ्यात मावेल एवढाच आहे. पण त्याचं पुढचं आयुष्य ऐकून तो गप्प झाला. पालामिदी तुरुंग झाला, तिथे गिलोटिन चालायचं, आणि ते चालवणारे जल्लाद स्वतःच शिक्षा झालेले कैदी असत. गावात त्यांना कुणी राहू देईना. म्हणून १८६५ नंतर त्यांना या जलदुर्गात ठेवलं. काम असलं की होडीने न्यायचं, झालं की परत आणून सोडायचं. ते संपल्यावर, विसाव्या शतकात, इथे काही दशकं हॉटेल होतं. जल्लादाच्या खोलीत मधुचंद्र. ग्रीकांना भुताखेतांची भीती कमी असावी.

संध्याकाळी धक्क्यावर बसलो. एप्रिल १९४१ मध्ये जर्मन फौजा खाली उतरत होत्या तेव्हा ब्रिटिश सैन्य ज्या बंदरांतून पळालं त्यांतलं हे एक. अल्स्टर प्रिन्स नावाचं जहाज तोंडाशीच गाळात रुतलं, मग विमानांनी ते जाळलं. मोठी जहाजं आत येईनात, लहान होड्यांनी माणसं बाहेर न्यावी लागली. स्लामात हे डच जहाज आणखी माणसं घ्यायची म्हणून उजाडेपर्यंत थांबलं आणि २७ एप्रिलला सकाळी वाटेत बुडालं. त्यावरच्यांना उचलायला गेलेल्या दोन विनाशिकाही त्याच दिवशी बुडाल्या. जवळजवळ १००० माणसं गेली. त्याच पाण्याकडे बघत लोक तळलेले मासे खात होते, आम्हीही खाल्ले.

रविवार

संत स्पिरिदोनचं देऊळ अगदी लहान, १७०२ मधलं, चढावरच्या अरुंद गल्लीत. रविवारीच यायचं असं दादाने ठरवलं होतं, कारण ९ ऑक्टोबर १८३१ हाही रविवार होता.

इओआनिस कापोदिस्त्रियास हा कोर्फू बेटावरचा. रशियाच्या झारचा परराष्ट्रमंत्री राहिलेला, युरोपच्या दरबारांत वावरलेला माणूस. १८२७ मध्ये ग्रीकांनी त्याला आपला शासक म्हणून बोलावलं, आणि १८२८ च्या जानेवारीत तो आला तेव्हा हाती काय होतं? जळलेली गावं, आपापसांत लढणारे सरदार, रिकामी तिजोरी. त्याने फिनिक्स नावाचं नाणं काढलं, शाळा काढल्या, इथेच लष्करी विद्यालय काढलं, निर्वासितांसाठी वेशीबाहेर प्रोनिया ही वस्ती आखली. बटाट्याची गोष्ट तर इथे सगळेच सांगतात: लोक फुकट बटाटे घेईनात, तेव्हा त्याने धक्क्यावर ढीग लावून पहारा बसवला आणि पहारेकऱ्यांना डोळेझाक करायला सांगितलं, रात्रीत ढीग साफ. असली गोष्ट युरोपात आणखी एक-दोघांच्या नावावर आहे, पण त्या माणसाला शोभते खरी.

त्याचं बिनसलं ते वतनदारांशी. मानी या डोंगराळ मुलखाचे मावरोमिखालिस म्हणजे पिढीजात धनी. कर गोळा करणार ते, न्याय करणार ते, बंडात रक्त सांडलं तेही त्यांनी. आता राजधानीत कचेरी थाटून बसलेला एक सडाफटिंग माणूस त्यांना हिशेब मागणार? कापोदिस्त्रियासने घराण्याचा म्होरक्या पेत्रोबे याला कैदेत टाकलं. त्याचा भाऊ कॉन्स्टँटिनोस आणि मुलगा ग्योर्गिओस त्या रविवारी या दाराशी उभे राहिले. शासक सकाळच्या प्रार्थनेला आला, एकाने गोळी झाडली, दुसऱ्याने खंजीर खुपसला. भावाला तिथेच लोकांनी संपवलं. मुलगा फ्रेंच वकिलाच्या घरात शिरला, पुढे त्याला गोळ्या घातल्या. दाराशेजारी भिंतीत गोळीची खूण म्हणून दाखवतात ती काचेआड आहे.

मला विचाराल तर कापोदिस्त्रियास बरोबर होता आणि त्याचा मृत्यू अटळही होता. दादाला हे मान्य नाही. त्याच्या मते पेत्रोबेला चार महिने आधी सोडलं असतं तर सगळं निभावलं असतं. या वादात आमची कॉफी दोनदा गार झाली.

त्यानंतर अंदाधुंदी, आणि मग बड्या सत्तांनी ठरवलेला राजा. बव्हेरियाचा सतरा वर्षांचा ओटो ६ फेब्रुवारी १८३३ ला ब्रिटिश युद्धनौकेतून इथे उतरला. सोबत बव्हेरियन फौज आणि, तो अल्पवयीन असल्यामुळे, कारभारी मंडळ. या मंडळाने सेनापती कोलोकोत्रोनिसवर राजद्रोहाचा आरोप ठेवला. ज्याने तुर्कांना पळवलं, त्याच्यावर! १८३४ मध्ये मशिदीत खटला चालला. पाच न्यायाधीश. तिघांनी फाशीवर सही केली. अध्यक्ष पोलिझोइदिस आणि त्याचा सहकारी तेर्त्सेतिस यांनी पुरावा नाही म्हणून सही नाकारली. निकाल वाचायला बसा म्हणून त्यांना शिपायांकरवी आसनांवर ओढून आणलं, तरी सही केली नाही. फाशी वीस वर्षांच्या कैदेवर आली आणि ओटो सज्ञान झाल्यावर १८३५ मध्ये म्हातारा सुटला. गावातल्या न्यायालयासमोर पुतळे आहेत ते या दोन न्यायाधीशांचे. मला पालामिदीपेक्षा ते जास्त आवडले. सेनापतींचे पुतळे सगळीकडे असतात.

प्रोनियात खडकात कोरलेला निजलेला सिंह आहे. ओटोबरोबर आलेले बव्हेरियन सैनिक लढाईत नाही, टायफसच्या साथीत मेले, त्यांच्यासाठी ओटोच्या बापाने तो करवून घेतला. शिल्पकार ख्रिस्तियान सीगल. एक मुलगा सिंहाच्या पायऱ्यांवर बसून मोबाइलवर खेळत होता.

मावळतीला अक्रोनाफ्प्लिआ चढलो. हा सर्वांत जुना किल्ला, आणि मुळात गाव होतं ते याच खडकावर. खालचं गाव पुढे व्हेनिसवाल्यांनी खाडीत भर टाकून वाढवलं. तटाचे खालचे थर प्राचीन ग्रीक, त्यावर बायझंटाइन, त्यावर फ्रँक, त्यावर व्हेनिस. दादा दगडावर हात ठेवून थर ओळखत गेला. पण इथे मला चटका लावून गेली ती अलीकडची गोष्ट. १९३७ मध्ये मेताक्सासच्या हुकूमशाहीने इथल्या जुन्या तुरुंगात कम्युनिस्टांना डांबलं. १९४१ मध्ये देश पडला तेव्हा त्यांना सोडलं नाही, कैदी म्हणून तसेच आक्रमकांच्या हाती दिलं. १ मे १९४४ ला अथेन्सच्या केसारियानीत जर्मनांनी २०० जणांना गोळ्या घातल्या, त्यातले बहुतेक अक्रोनाफ्प्लिआचे जुने कैदी. सत्तरच्या दशकात तुरुंग पाडून त्या जागी सरकारी हॉटेल उभं केलं. समुद्राकडे तोंड केलेल्या खोल्या, अप्रतिम देखावा. मशिदीची संसद झाली, कोठाराचं संग्रहालय झालं, बुर्ट्झीचं हॉटेल झालं, तिथे निदान भिंती तरी जागेवर आहेत. इथे भिंतच ठेवली नाही.

सोमवार

तिरिन्स, गावापासून चार किलोमीटर. संत्र्याच्या बागांत बसका टेकाड, त्यावर इतके प्रचंड दगड की नंतरच्या ग्रीकांना ते माणसांचं काम वाटेना. एकाक्ष राक्षसांनी रचले, असं त्यांनी ठरवून टाकलं. भिंती काही ठिकाणी आठ मीटर जाड आहेत, वय तीन हजार वर्षांहून जास्त. तटाच्या पोटात दगड पुढे पुढे सरकवत निमुळता केलेला बोळ आहे. त्यातले दगड हात फिरवावा तर गुळगुळीत: शतकानुशतकं मेंढ्या इथे आडोशाला यायच्या आणि अंग घासायच्या. श्लीमान आणि ड्योर्पफेल्ड या जर्मन पुरातत्त्वज्ञांनी १८८४ मध्ये इथे खणायला घेतलं. जवळच्या मायसिनीचे प्राचीन अवशेष बघायला बसच्या बस येतात, इथे आम्ही आणि एक मांजर. शेजारीच कापोदिस्त्रियासने काढलेल्या शेती शाळेची जागा आहे. तिथे आता शेती तुरुंग आहे. दादाने नुसतं माझ्याकडे बघितलं.

संग्रहालयात परत येऊन देंद्रा गावात सापडलेलं चिलखत पाहिलं. इ.स.पू. पंधराव्या शतकातलं, जवळजवळ पूर्ण. ब्राँझच्या पत्र्यांचा घेर, गळ्याभोवती उंच कॉलर, रानडुकराच्या सुळ्यांचं शिरस्त्राण. एवढ्या वजनात माणूस लढत कसा असेल?

जेवणानंतर आगिया मोनी या मठाकडे चालत गेलो. हेरा देवी दरवर्षी इथल्या कानाथोस झऱ्यात न्हायची आणि पुन्हा कुमारिका व्हायची. हे पौसानियास लिहून गेलाय, इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातला प्रवासी. तो आला तेव्हा नाफ्प्लिओ ओसाड होतं, कारण इथले लोक स्पार्टाच्या बाजूचे म्हणून आर्गोसने त्यांना केव्हाच हाकलून दिलं होतं. पडक्या भिंती, पोसायडनचं देऊळ, बंदर एवढंच त्याला दिसलं. आणि खडकावर कोरलेलं एक गाढव. गाढवाने वेलीचे शेंडे खाल्ले, त्या वेलीला पुढच्या खेपेला भरघोस द्राक्षं लागली, आणि लोक छाटणी शिकले. नाशिककडे आमच्या मामांची द्राक्षबाग आहे. एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची छाटणी यांवर त्यांचं वर्ष चालतं. त्यांना फोटो पाठवायला ते गाढव शोधलं, पण आता ते दिसत नाही. तेव्हा मठाचाच फोटो पाठवला. मामांचं उत्तर आलं, "आमची गाढवं नुसती खातात."

मंगळवार

सकाळी बंदराजवळच्या जुन्या स्टेशनाकडे चक्कर. १८८६ मध्ये इथे आगगाडी आली होती, आता रूळ सुने आहेत. गाव लवकर उठत नाही. शनिवार-रविवारी अथेन्सचे लोक येतात, इतर दिवशी निवांतपणा.

१८३४ मध्ये ओटोने राजधानी अथेन्सला हलवली, ती प्राचीन नावासाठी. तेव्हा अथेन्स म्हणजे अवशेषांभोवतालचं खेडं होतं. नाफ्प्लिओने १८६२ च्या फेब्रुवारीत त्याच्याविरुद्ध बंडही केलं. ते मोडलं, पण त्याच वर्षी ऑक्टोबरात राजा गादीवरून गेलाच. राजधानी इथे राहिली असती तर हे कोठार, या मशिदी, या गल्ल्या मंत्रालयांखाली गेल्या असत्या, असं मी दादाला म्हटलं. तो म्हणाला, तटाचं काय, राजधानी नसतानाही गावकऱ्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी खालचा तट पाडलाच की. वेशीचा दरवाजाही पाडला, आज दिसतो तो पुन्हा उभारलेला. मुद्दा त्याचा बरोबर होता, पण मी माझं मत सोडलेलं नाही.

पुढचा मुक्काम मेथोनी, पार नैऋत्य टोकाला. आर्गोसने हाकललेल्या नाफ्प्लिओकरांना स्पार्टाने तिथे जागा दिली होती. पुढे व्हेनिसने तिथेही किल्ला बांधला आणि सोळाव्या शतकात तुर्कांनी तिथेही समुद्रात एक बुर्ट्झी उभारली. दादाच्या मते तिथे दोन दिवस हवेत, माझ्या मते एक पुरे. थेट बस नाही, म्हणून तूर्त त्रिपोलीपर्यंतची तिकिटं काढलीत.